आमची वजनं कोण लिहिणार? एका तोलाईदाराचं डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
सांगली-मिरजेतले हृदयरोगतज्ज्ञ, वजन उतरवायची ऑपरेशनं करणारे सर्जन आणि त्यांच्या रुग्णालयांचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे सकाळी साडेनऊला ओपीडीत येऊन बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले, नावाचा पुकारा होईना. वजनकाटा असायचा त्या कोपऱ्यात पाण्याचे रिकामे जार रचलेले. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं भिंतीकडं बोट केलं. चिकटपट्टीनं लावलेला एक कागद: 'वजन शस्त्रक्रिया फॉलोअप ओपीडी पुढील सूचनेपर्यंत बंद. रुग्णांनी आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटावे.' खाली सही नाही, तारीख नाही. आमच्या बाजार समितीत असा बिनसहीचा कागद लागला तर हमालसुद्धा विचारतील, हा कुणी डकवला?

त्या बाकावर माझ्याबरोबर कवठेमहांकाळहून आलेल्या एक बाई होत्या. पहाटे घर सोडून, एसटी बदलून आलेल्या. त्यांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी रोज फोन करत होते की हो." हे पत्र त्या वाक्यामुळं लिहितोय.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. एकट्याचं नाव लिहिलं की बाकीचे सुटल्यासारखे वाटतात. ज्यांचं आहे ते ओळखतील.

मी तोलाईदार आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात ३१ वर्षं हळद, बेदाणा, गूळ तोलतोय. शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार तिघांच्या देखत काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच माझं काम. शिक्षण दहावीपर्यंत. पुढं जे इंग्रजी संशोधनाचं बोलणार आहे ते थोरल्या लेकीनं वाचून समजावलेलं आहे. ती फार्मसी शिकली आहे. तिनं एकेक गोष्ट सांगायची आणि मी विचारायचं, 'हे आकडे कुणी मोजले, कशावर मोजले?' असे आमचे दोन महिने गेले.

आता माझी हकिगत. २०२१ मध्ये माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट सहा इंच. शुगर, बीपी दोन्ही. मारुती चौकातून घाईनं चाललो की छातीत दडपायचं, थांबलं की दोन मिनिटांत मोकळं व्हायचं. असं चार-पाच महिने चाललेलं. अँजिओग्राफीला नेलं. मी आत टेबलावर, आणि बाहेर बायकोच्या हातात फॉर्म. "नव्वद टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्प्रिंग टाकून घेऊ, दोनदा खर्च कशाला?" स्प्रिंग म्हणजे स्टेंट, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी. तिनं सही केली. तिच्या जागी कुणीही केली असती.

महिन्याभरानं त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर पाठवलं. तिथले सर्जन म्हणाले, हृदय वाचवायचं तर आधी वजन उतरवा, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी बंद करा. दुसऱ्या मजल्यावरचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, नवी स्प्रिंग आहे, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मी दोन मजल्यांमध्ये लिफ्टनं चिठ्ठ्या नेत होतो. दोन्ही डॉक्टर एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी ऑपरेशन नऊ महिने पुढं गेलं. नवी स्प्रिंग असताना गोळी मध्येच थांबवली तर त्या स्प्रिंगमध्येच रक्ताची गुठळी होऊ शकते, हे मला लेकीकडून कळलं, तुमच्याकडून नाही.

२०२२ मध्ये स्लीव्हचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळीसारखी नळी करतात, ते. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. पण खोटं कशाला बोलू? फरक पडला. वर्षात ११८ चे ८३ झाले. शुगरच्या दोन गोळ्यांची एक झाली. आयर्विन पुलावरून मी पायी सांगलीवाडीला गेलो आणि परत आलो, मध्ये कुठं कठड्याला टेकलो नाही. ऑपरेशन वाईट आहे असं म्हणायला हे पत्र नाही. ज्या सर्जननी ते केलं त्यांचा हात चांगला आहे.

माझ्या तक्रारी त्यानंतरच्या आहेत आणि त्याच्या आधीच्याही.

पहिली तक्रार चपलेची. गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी मी काट्यापासून शेडकडं निघालो होतो. मागून हमाल ओरडला, "अण्णा, चप्पल!" मागं बघतो तर उजव्या पायातली चप्पल दहा पावलं मागं पडलेली, आणि मी तापलेल्या काँक्रीटवरून अनवाणी चालतोय. चटका नाही, काही नाही. संध्याकाळी तळव्याला हा मोठा फोड. मग आठवायला लागलं. महिना-दोन महिने बोटांना मुंग्या येत होत्या, हळकुंड चिमटीत धरलं की त्याची ओल पूर्वीसारखी कळत नव्हती. ३१ वर्षांत ज्या बोटांनी ओली हळद सोडली नाही, ती बोटं मुकी झाली होती.

हरिपूर रोडवरचे आमचे फॅमिली डॉक्टर आधी शुगरवर गेले. तेही चूक नव्हतं, शुगरनंही असं होतं. मग त्यांनी व्हिटॅमिन बी-बारा तपासायला सांगितलं, ते कमी पडलं तरी नसा अशाच बधिर होतात. रिपोर्टमधला आकडा बघून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वजनाच्या ऑपरेशननंतर व्हिटॅमिन चालू आहे ना?" मी म्हटलं, सहा महिनेच घ्या म्हणाले होते. घरी येऊन डिस्चार्जचे कागद काढले. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं होतं: व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर. तोंडी सहा महिने, कागदावर आयुष्यभर. मी तोंडी ऐकलं, कारण मला तेवढंच कळतं.

त्यामागचं कारण तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. अन्नातलं बी-बारा आतड्यात शोषलं जायचं तर जठरातून निघणारा एक घटक लागतो. जठरच कापलं की तो घटक कमी पडतो. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळीही बी-बारा खाली आणते, म्हणजे माझ्यासारख्याला दोन्हीकडून मार. आणि गंमत अशी, गंमतच म्हणायची, की यकृतात बी-बाराचा साठा असतो आणि तो पुष्कळदा वर्षानुवर्षं पुरतो. त्यामुळं पहिल्या वर्षी सगळं छान दिसतं. फोटो काढायला योग्य असं ते वर्ष. चटका बसतो तो नंतर, नेमका तुम्ही ओपीडीला कुलूप लावता तेव्हा. इंजेक्शनं घेऊन माझी बोटं बरीच परत आली. उजव्या पायाची दोन बोटं अजून परक्याचीच आहेत.

दुसरी तक्रार त्या शिकाऊ डॉक्टरच्या थिसिसची. पोरगा फार गुणी होता. दुसऱ्या शनिवारची ओपीडी खरं तर तोच चालवायचा. कमरेला टेप लावून माप घ्यायचा, वजन करायचा, काय खाल्लं ते विचारायचा. अभ्यासात भाग घेता का म्हणाला, आम्ही हो म्हटलं. चार पानांच्या फॉर्मवर सही घेतली. मराठी प्रतही होती, पण कसली? 'सहभागी व्यक्तीस प्रतिकूल परिणाम संभवल्यास तदनुषंगिक उपाययोजना करण्यात येईल.' हे मराठी आमच्या तलाठ्यालाही पुन्हा वाचावं लागेल. सही केलेली प्रत मला दिली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लेकीनं वाचून दाखवली. माणसाला कळेल अशा भाषेत माहिती द्या, सहीची प्रत त्याच्या हातात द्या, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. थिसिस पूर्ण झाला, पोरगा पास होऊन गेला, पाठोपाठ आहार सांगणाऱ्या ताई गेल्या, आणि भिंतीवर कागद लागला. म्हणजे ओपीडी थिसिससाठी होती, आमच्यासाठी नव्हती? तसं असेल तर आधी सांगायचं होतं. आणि त्या थिसिसमध्ये आमच्याबद्दल काय निघालं? वजन केल्यावर आकडा मोठ्यानं म्हणायचा असतो, डॉक्टर. शेतकरी समोर उभा असतो.

तिसरी तक्रार स्प्रिंगच्या घाईची. ज्याला अॅटॅक आलाय, छातीत कळ थांबत नाही, त्याची तातडीनं अँजिओप्लास्टी केली, म्हणजे ब्लॉक उघडून स्प्रिंग टाकली, तर जीव वाचतो. तिथं कुणाचा वाद नाही आणि कुणी थांबूही नये. पण माझं तसं नव्हतं. चाललो की दुखायचं, थांबलो की थांबायचं. अशा लोकांवर 'इस्किमिया' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२० मध्ये छापून आले. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात आपल्या देशातलेही. निम्म्यांना औषधं आणि त्यासोबत अँजिओप्लास्टी किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. तीन-साडेतीन वर्षांनी बघितलं तर मृत्यू किंवा अॅटॅक यात दोन्हीकडं ठळक फरक नव्हता. छातीचं दुखणं मात्र स्प्रिंगवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत ब्लॉक असलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं, हेही लिहितो, नाहीतर उद्या कुणी हे पत्र खिशात घालून ऑपरेशन टाळत बसेल.

त्याआधी २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये 'ऑर्बिटा' झाला. २०० माणसं, सगळ्यांना गुंगी, कानाला हेडफोन, आणि त्यातल्या निम्म्यांना स्प्रिंग टाकलीच नाही. कुणाला टाकली हे रुग्णाला ठाऊक नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गट चालवून बघितले तर चालण्याच्या वेळेत मोजण्याजोगा फरक नाही. मी लेकीला म्हटलं, बघ, आपल्याला फसवलं. ती म्हणाली, बाबा थांबा, पुढचं ऐका. २०२३ मध्ये त्याच लोकांनी 'ऑर्बिटा-२' केला. ३०१ रुग्ण, या वेळी छातीदुखीची औषधं थांबवून. त्यात स्प्रिंगवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे माझी स्प्रिंग वाया गेली असं मी म्हणू शकत नाही. माझं दुखणं थांबलंही होतं. माझं म्हणणं इतकंच की बायकोला एवढं सांगायचं होतं: 'दुखणं कमी होईल, पण आयुष्य वाढेल याची खात्री नाही, आणि निर्णय उद्या घेतला तरी चालेल.' एक रात्र मिळाली असती. आमच्याकडं बेदाण्याचा सौदा फिसकटला तरी शेतकऱ्याला माल परत न्यायची मुभा असते.

चौथी तक्रार पत्रकांची. वजनाच्या ऑपरेशनच्या कॅम्पची चार पत्रकं मी जपून ठेवली आहेत. एकावर लिहिलंय, 'हृदयविकारापासून कायमची मुक्ती'. डावीकडं जाड माणूस, उजवीकडं तोच सडपातळ. यार्डात याला पोत्याच्या तोंडाची हळद म्हणतात. तोंडाशी निवडक, लांब, तकतकीत हळकुंडं लावायची आणि खाली काय आहे ते खाली. जाणता खरेदीदार म्हणूनच पोतं ओतायला लावतो.

हे पोतं कुणी ओतलं असेल तर स्वीडननं. तिथं १९८७ पासून वजनाचं ऑपरेशन झालेले २,०१० आणि तितक्याच वजनाचे, ऑपरेशन न झालेले २,०३७ लोक धरून ठेवले. नुसते धरले नाहीत, मोजत राहिले. २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं, मधल्या चौदा-पंधरा वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं ऑपरेशनवाले २८ गेले आणि दुसऱ्या गटातले ४९. फायदा दिसतोय, मान्य. पण त्यांनीच २०२० मध्ये पुढचा हिशोब दिला: ऑपरेशनवाल्यांचं आयुष्य न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त, आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा तरीही साडेपाच वर्षांनी कमी. याला कायमची मुक्ती म्हणतात का? शिवाय त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, ज्यानं ऑपरेशन निवडलं तो ऑपरेशनवाला. आणि त्या काळातली बहुतेक ऑपरेशनं वेगळीच होती, जठराला पट्टा घालायची वगैरे. माझं स्लीव्ह त्यात नाहीच. स्लीव्ह आणि औषधं यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना लेकीला सापडली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, १५० रुग्णांची. पाच वर्षांनी स्लीव्हवाल्या २३ टक्क्यांची शुगर ठरवलेल्या पातळीखाली होती, नुसत्या औषधांवरच्या ५ टक्क्यांची. चांगलं आहे, पण तो शुगरचा हिशोब झाला, हृदयाचा नव्हे.

मग माझ्यासारख्याचं काय? आधी हृदयाचं दुखणं, मग वजनाचं ऑपरेशन. याचंही उत्तर स्वीडनमध्येच सापडलं, आणि ते ज्या पद्धतीनं काढलं ते ऐकून मी लेकीला दोनदा वाचायला लावलं. तिथं हृदयाच्या रुग्णांची एक देशव्यापी नोंदवही आहे आणि वजनाच्या ऑपरेशनची दुसरी. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. अॅटॅक येऊन गेलेले आणि नंतर वजनाचं ऑपरेशन केलेले ५०९ लोक निघाले. त्यांच्या जोडीला तसेच, पण ऑपरेशन न केलेले ५०९ शोधले. आठ वर्षांत मृत्यू, पुन्हा अॅटॅक किंवा पक्षाघात यांचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत १८.७ टक्के, दुसऱ्यांत ३६.२ टक्के. इथंही चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, त्यामुळं पक्का निकाल नव्हे. ज्यांची तब्येत बरी तेच ऑपरेशनला गेले असतील. तरी माझ्यासारख्याला अंधारात चाचपडण्यापेक्षा एवढा उजेड पुष्कळ झाला. आणि तो काही नव्या मशीननं आला नाही. दोन वह्या एका टेबलावर आल्या, एवढंच. आमच्याकडं दुसऱ्या मजल्याची फाइल चौथ्या मजल्यावर जात नाही.

(लेकीनं वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचंही सांगितलं. १७,६०४ लोकांवरचा अभ्यास, २०२३ चा, हृदयाचं दुखणं असलेल्या जास्त वजनाच्या लोकांत अॅटॅक, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी. पण त्यात शुगरवाले घेतले नव्हते. मी त्याही पोत्यात बसत नाही.)

पाचवी तक्रार लहान आहे. मी माझे सगळे कागद मागितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत. माझ्या अर्जाला आज तेवीस दिवस झाले. त्याच नियमांत कागद तीन वर्षं जपायला सांगितलंय. माझं ऑपरेशन २०२२ चं. उरलेलं गणित तुम्हीच करा.

ओपीडी बंद झाल्यावर आम्ही काय केलं तेही सांगतो. मी ज्या अडत दुकानात तोलतो त्या मालकांकडं रविवारी काट्याची किल्ली मागितली. सौदे नसतात, यार्ड मोकळं असतं. पहिल्या रविवारी तिघं आलो, आता वहीत चौदा नावं आहेत. विट्याचे आहेत, जतचे आहेत, शिरोळकडच्या दोघी आहेत. पोती ठेवायच्या काट्यावर माणूस उभा राहतो, मी आकडा मोठ्यानं म्हणतो, लेक लिहिते. कपड्यांचा कडता, म्हणजे वजनातली वजावट, एक किलो धरतो. यार्डात कडत्यावरून मारामाऱ्या होतात, इथं अजून कुणी हरकत घेतलेली नाही. काटा वजनमाप खात्यानं तपासून शिक्का मारलेला आहे, म्हणजे तुमच्या ओपीडीतल्या काट्यापेक्षा मला त्याचा जास्त भरवसा. कवठेमहांकाळच्या बाईंना पायऱ्या चढवेनात, ओठ पांढरे पडलेले. त्यांना लेकीनं रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन ७.८ निघालं. तिघांचं वजन पुन्हा वर चाललंय. त्यातल्या एकाला ते सांगायची इतकी लाज वाटत होती की दोन रविवार तो नुसता बाकावर बसून गेला.

पण मला ठाऊक आहे, हे संशोधन नव्हे. आमच्याकडं बीपीचं मशीन एकच, तेही उसनं. आणि खरी मेख वेगळीच आहे. जे येतात त्यांची वजनं मी लिहितो. दोघं येत नाहीत, फोनही उचलत नाहीत. ते बरे आहेत म्हणून येत नाहीत, की वजन वाढल्याच्या लाजेनं, की आणखी काही झालं, हे माझ्या वहीत नाही. जे काट्यावर येत नाहीत त्यांचं वजन सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते शोधून काढायचं बळ तोलाईदाराकडं नाही. ते तुमच्याकडं आहे.

तुम्ही म्हणाल, स्वीडन श्रीमंत देश, लोकसंख्या कमी, आपल्याकडं हे कसं जमणार? आमच्या यार्डात कुठल्या गावच्या कुठल्या शेतकऱ्याचं पोतं, वजन किती, घेतलं कुणी, कुठल्या भावानं, याची हिशोबाची पट्टी हातात पडते. २०१९ च्या पुरात पाणी चढायला लागलं तेव्हा गणपती पेठेतल्या कित्येकांनी मालाआधी वह्या माळ्यावर नेल्या. आणि मिरजेचं म्हणाल तर १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं रुग्णालय काढल्यापासून सगळ्या मुलखातली माणसं, पार कर्नाटकातली, रेल्वेनं तिथं बरी व्हायला येतात. इतक्या वर्षांची डॉक्टरकी असलेल्या गावाला एक वही ठेवणं जमणार नाही, हे मला पटत नाही.

तर मागण्या अशा आहेत.

दुसऱ्या शनिवारची ओपीडी पुन्हा सुरू करा. फुकट नको, वाजवी फी घ्या. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाचं बी-बारा, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तरी तपासा, आणि वजन उतरलं की बीपी-शुगरच्या गोळ्यांचे डोस नव्यानं ठरवा. ऑपरेशन करताना ही जबाबदारी पॅकेजमध्ये लिहून द्या. फॅमिली डॉक्टरांकडं पाठवायचंच असेल तर काय तपासायचं आणि किती दिवसांनी, हे त्यांना मराठीत किंवा इंग्रजीत, कसंही, पण एका कागदावर कळवा. आमच्या डॉक्टरांना आजवर तुमच्याकडून एक ओळ आलेली नाही.

हृदयाचा आणि वजनाचा डॉक्टर एकत्र बसल्याशिवाय आमच्यासारख्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवू नका. दोन्ही सह्या एका कागदावर पाहिजेत. लिफ्टमध्ये चिठ्ठ्या वाहायचं काम पेशंटचं नाही.

अॅटॅक नसेल तर स्प्रिंग टाकण्याआधी माणसाला टेबलावरून उठू द्या, घरी जाऊन विचार करू द्या. सोबत एक पान माहिती द्या, बोलतो त्या मराठीत: काय सिद्ध झालंय, काय नाही, औषधांवर भागेल का.

थिसिसमध्ये आमच्याबद्दल जे काही निघालं ते आम्हाला एका पानात सांगा, आणि सह्या केलेल्या फॉर्मच्या प्रती द्या.

आणि सगळ्यात मोठी मागणी: सांगली-मिरजेतल्या वजनाच्या सगळ्या ऑपरेशनांची एक सामाईक नोंदवही सुरू करा. तुमच्या नीतिसमित्यांची परवानगी घेऊन, आमची संमती घेऊन, नावं झाकून. पाच वर्षं, दहा वर्षं. गेलेल्यांसकट, वजन परत वाढलेल्यांसकट, फोन न उचलणाऱ्यांसकट. वर्षाकाठी आकडे जाहीर करा. ते येईपर्यंत 'कायमची मुक्ती'ची पत्रकं छापू नका. माझी चौदा नावांची वही मी त्या चौदा जणांना विचारून पहिल्या पानासाठी द्यायला तयार आहे.

उत्तर लेखी हवं, सही आणि तारखेसह. पुढच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी त्याच बाकावर असेन. कवठेमहांकाळच्या बाईही येणार म्हणाल्या आहेत, त्यांची पहिली एसटी वेळेवर सुटली तर. तेवढे ते पाण्याचे जार हलवून ठेवा.

आपला,
मार्केट यार्डातला एक तोलाईदार
सांगली
आजचं वजन ८९ किलो ४०० ग्रॅम, कडता वजा जाता